वल्द, जौजे, बेवा

31 मे 2016 च्या रात्री, एक वाजून गेल्यावर, पुलगावच्या दारूगोळा भांडारात स्फोट झाले. आमच्या गावापर्यंत खिडक्या हादरल्या, आभाळ लाल झालं. लोक मिळेल त्या बाजूनं पळाले. रमजान आठवड्यावर आला होता, अम्मीनं दळण करून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. अब्बांनी फक्त एक गोष्ट उचलली: पलंगाखालची पत्र्याची पेटी. सकाळी शहाणपण सुचल्यावर आम्ही त्यांना हसलो. दागिने घरात आणि कागद डोक्यावर! त्या रात्री भांडारात आग विझवताना माणसं गेली होती, हे कळल्यावर हसणं थांबलं.

पेटी मी उघडली ती मात्र साडेतीन वर्षांनी, 2019-20 च्या हिवाळ्यात. त्या दिवसांत मुसलमानांच्या घराघरांत अशा पेट्या उघडत होत्या. कोणाचा बाप कुठे जन्मला, आजाचं नाव कोणत्या कागदावर कसं लिहिलंय, यावर मशिदीबाहेर चर्चा चालायची. अब्बा म्हणाले, "तू शिकलेली आहेस, एकदा सगळं लावून ठेव." मी भीतीपोटी सुरुवात केली, हे कबूल करते.

आमच्या घरची कहाणी ठरलेली होती. आम्ही पिंजारी. बडे अब्बा, म्हणजे अब्बांचे आजोबा, नदीपलीकडून वऱ्हाडातून धुनकी खांद्यावर टाकून आले. पुलगाव मुळात पुलाचं गाव. वर्धा नदीवर रेल्वेचा पूल झाला, कापसाची बाजारपेठ आली, जिनिंग आले, गिरणी आली. गाद्या-रजया पिंजून पिंजून बडे अब्बांनी पैसा साठवला आणि नाल्याकडचं 7 एकर 20 डेसिमल वावर विकत घेतलं. मर्दानं कमावलं, मर्दाला दिलं. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला धुनकीच्या तातेचा आवाज यायचा, जी मी कधी पाहिलीही नव्हती.

पेटीत वरती सातबारा, त्याखाली लगानाच्या पावत्या. शेत जागचं तसूभर हललं नव्हतं, पण पावत्यांवरचं सरकार बदलत गेलं होतं: आधी मध्यप्रांत व वऱ्हाड, मग मध्यप्रदेश, 1956 नंतर मुंबई राज्य, 1960 पासून महाराष्ट्र. तळाशी घडीवर फाटलेले मोडीतले दोन कागद. ते एका निवृत्त गुरुजींनी वाचून दिले. त्यांनी मला तीन शब्दांचे अर्थ सांगितले. घरात उर्दूचं नाव घेणारे आम्ही, आणि ते अर्थ आम्हाला एका ब्राह्मण गुरुजींकडून कळले, याची गंमत त्यांनाही वाटली. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. जौजे म्हणजे अमक्याची बायको. बेवा म्हणजे विधवा. पुरुषाची ओळख बापावरून. बाईची नवऱ्यावरून, तो असो की नसो.

बाकीचं वर्ध्याला मिळालं. देवळी तालुका नंतरचा. आमच्या भागाचे जुने कागद वर्धा तहसिलीचे. अर्ज, शुल्क, चार खेपा. जुन्या गावकोतवालाच्या नोंदवहीत जन्म-मृत्यू ओळीनं लिहिलेले असतात. 1918 चा ऑक्टोबर आला आणि पानं उलटायचा माझा वेग कमी झाला. इन्फ्लुएंझानं मध्यप्रांत झोडपला होता, हे मी पुस्तकात वाचलं होतं. इथे ते एका गावच्या वहीत होतं. कारणाच्या रकान्यात ताप, खाली ताप, खाली ताप. लिहिणारा पुढे पुढे नुसत्या रेघा ओढत गेला होता. त्यात बारा दिवसांत आमच्या घरातल्या तीन नोंदी. बडे अब्बा, एक मुलगा, एक मुलगी. जातीच्या रकान्यात पिंजारी. मुलीचं नाव लिहिलेलं नाही, फक्त अमक्याची मुलगी.

म्हणजे शेत घेणारे बडे अब्बा 1918 लाच संपले होते. मग शेत?

1920 च्या दशकातल्या जमाबंदीत ते सापडलं. वर्धा जिल्ह्यात तेव्हा मालगुजारी होती. गावाचा मालगुजार सरकारला सारा भरायचा आणि खालच्या काश्तकारांकडून लगान घ्यायचा. नदीपलीकडे वऱ्हाडात मात्र रयतवारी. काश्तकारांत मौरुसीचा हक्क पक्का. लगान भरत राहिलं तर मालगुजाराला त्याला मनाला येईल तसं काढता येत नसे आणि हक्क वारसांकडे जात असे. आमचं नाल्याकडचं वावर मौरुसी म्हणून लागलं होतं, आणि ते लागलं होतं एका बाईच्या नावावर. नावापुढे बेवा.

बडे अब्बांच्या नावानं त्या वावराची एक ओळही मला आधीच्या कागदांत मिळाली नाही. त्यांनी धुनकी चालवली असेल, पैसाही साठवला असेल. वावर केलं ते तिनं. नवरा आणि दोन लेकरं पुरून, चार वर्षांचा मुलगा आणि कडेवरची मुलगी घेऊन. आमच्या घरात तिला बडी अम्मा म्हणतात, तेवढंच. तिचं नाव अब्बांनाही माहीत नव्हतं. मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी दोनदा म्हणायला लावलं. नाव घरचं आहे, इथे लिहीत नाही.

रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या जाती-जमातींवरच्या चार खंडांत आमच्यावर 'बहना' या मथळ्याखाली टिपण आहे. ते मी वाचलं. पिंजाऱ्याचा धंदा, चालीरीती, त्याच्यावरच्या म्हणी. वावर कसणारी पिंजारीण मला त्यात दिसली नाही.

मालगुजारी 1951 मध्ये गेली. 1954-55 चं अधिकार अभिलेख हे आमच्याकडे वारसाचं मोठं प्रमाण मानतात. त्यात बडी अम्मा नाही, तोवर ती गेली होती. दोन नावं आहेत: दादा आणि दादांची बहीण. मुलाला दोन हिस्से, मुलीला एक. सूरह निसाचा हिशेब, पटवाऱ्यानं आपल्या अक्षरात लिहिलेला. बहिणीचे 2 एकर 40 डेसिमल.

1963 चा फेरफार मात्र एका ओळीचा आहे. बहिणीनं राजीखुशीनं हक्क सोडला. मोबदला काही नाही. खाली अंगठा.

अब्बांना त्यांची ही फुप्पी आठवते. धामणगावला दिली होती, नदी ओलांडली की झालं. दर ईदला यायची. दादा तिला साडी द्यायचे आणि हंगामात बंडीत घालून तुरीचं पोतं पाठवायचे. "आम्हाला वाटायचं, दादा किती करतात बहिणीचं," अब्बा म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

1937 च्या शरियत कायद्यात शेतजमिनीचा प्रश्न वगळून ठेवला आहे, हे वकील लगेच सांगतात. आमच्या घरात तो कायदा कोणी वाचला नव्हता. आमच्याकडे पटवाऱ्यानं हिस्सा बरोबर लावला होता आणि घरानं तो काढून घेतला. तलाक, बुरखा यावर तावातावानं बोलणारे आमचे लोक, मीही त्यातच, बहिणीच्या धुऱ्यापाशी आलो की गप्प होतो. शेजारच्या कुणब्याच्या घरी वेगळं चालतं असं नाही. हक्कसोडीचा कागद तोच, अंगठाही तिथेच.

दादा 1988 मध्ये गेले, तरी सातबारा त्यांच्याच नावावर होता. सोयाबीन, तूर, पऱ्हाटी, सगळं मेलेल्या माणसाच्या नावावर पिकत होतं. अब्बा, चाचा आणि तीन फुप्प्या. सात हिस्से केले तर फुप्पीला जेमतेम एक एकर. चाचा म्हणाले, "निकाह कोणी लावले? बाळंतपणं कोणी केली? आणि 2 हेक्टर 91 आरचे पाच तुकडे करून खायचं काय?" शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. अब्बांनी तरी वारसाचा अर्ज दिला, पाचही नावं घालून.

मोठ्या फुप्पीला निरोप गेला तेव्हा ती रडली. एक एकर घेतलं तर माहेर तुटेल, मी सोडते, म्हणाली. मधलीनं, नवऱ्याला विचारते, म्हणून फोन ठेवला. हरकतीच्या पंधरा दिवसांत चाचा आमच्या दारावरून गेले, आत आले नाहीत. मग काय झालं कोण जाणे, हरकत त्यांनी घेतली नाही.

फेरफार मंजूर झाल्यावर धाकटी फुप्पी आली. सातबाऱ्यावर आपलं नाव तिनं बोटानं शोधलं. मग विचारलं, "ते अंगठ्याचं कुठंय?" मी 1963 ची नक्कल काढून दिली. ती चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिली. "हात थरथरला होता बघ तिचा," म्हणाली. शाई पसरली होती, की झेरॉक्सच तशी आली होती, मला सांगता येणार नाही.