दोन सेकंदांची मुदत

"दादा, ड्रायव्हर उडतोय." किन्हवलीचा असो की सरळगावचा, गेमिंग पीसी घेऊन येणारा मुलगा याच वाक्याने सुरुवात करतो. खेळ रंगात आलेला असताना पडदा काळा होतो, थोड्या वेळाने परत येतो आणि खेळ बंद पडलेला असतो. घरी त्याने नवा ड्रायव्हर टाकून पाहिलेला असतो, मग जुना, मग सगळं फॉरमॅट मारून पुन्हा विंडोज. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मी पीसी जोडण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे: ड्रायव्हर बहुतेक वेळा निर्दोष असतो. दुखणं दुसरीकडे असतं, तो फक्त त्याची वर्दी देतो.

विंडोज व्हिस्टापासून एक व्यवस्था आहे. ग्राफिक्स कार्डाला दिलेलं काम दोन सेकंदांत पुढे सरकलं नाही, तर कार्ड अडकलं असं विंडोज धरते, त्याला रीसेट करते आणि ड्रायव्हर नव्याने उभा करते. त्याआधी अशा वेळी अख्खा पीसी गोठून जायचा. एका मिनिटात हे पाचाहून जास्त वेळा झालं, तर मात्र विंडोज हात टेकते आणि निळा पडदा दाखवते. रजिस्ट्रीत जाऊन ही दोन सेकंदांची मुदत वाढवता येते. कार्डाला एकेक काम खरोखरच लांबलचक दिलेलं असेल, तर तो उपाय योग्य आहे. खेळ खेळताना पडदा जात असेल तर त्याने काही साधत नाही. अडकलेली चिप आठ सेकंदांनीही अडकलेलीच असते.

म्हणून मी आधी इव्हेंट व्ह्यूअर उघडतो. तिथे डिस्प्लेच्या नावावर ४१०१ क्रमांकाची नोंद असेल, तर कार्ड अडकून परत उठलं आहे. कर्नल-पॉवर ४१ असेल आणि पीसी एका झटक्यात बंद होऊन पुन्हा सुरू झाला असेल, तर माझी नजर आधी एसएमपीएसकडे, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे जाते. दोन्ही नोंदी एकाच संध्याकाळच्या असतील, तर मी मुलाला विचारतो, तुमच्याकडे पाण्याच्या मोटारी किती वाजता सुरू होतात? तो चमकून बघतो. पण हा प्रश्न कामाचा आहे.

कारखान्यातून निघणारी प्रत्येक चिप तिच्या कमाल कुवतीच्या थोडी खाली चालवलेली असते. उन्हाळा, जुनेपणा, विजेतले चढउतार हे सगळं सोसता यावं म्हणून ही शिल्लक ठेवलेली असते. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ती शिल्लक वेगासाठी खर्च करणं. थंड खोलीत, स्थिर विजेवर हा खर्च परवडतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त असतो, वीटभट्ट्यांची बारीक लाल धूळ हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसते, आणि संध्याकाळी पाण्याच्या मोटारी सुरू होऊन डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, ताण आला की व्होल्टेज खाली येतं. कारखान्याने ठेवलेली शिल्लक इथलं हवामानच खाऊन बसलेलं असतं. तापलेल्या चिपला तोच वेग टिकवायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून जानेवारीत बिनतक्रार चाललेली सेटिंग मे महिन्यात कोसळते, आणि मुलाला वाटतं की मधल्या काळात आलेल्या अपडेटनेच घात केला.

तपासणीबद्दल एक गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण भलेभले तिथे चकतात. फरमार्क ही कार्डावर भार टाकणारी चाचणी तासभर चालली म्हणजे ओव्हरक्लॉक पक्का, असं पोरं मानतात. फरमार्क कार्डाला विजेच्या मर्यादेवर नेऊन भिडवतो, त्यामुळे कार्ड स्वतःच आपला वेग खाली आणतं. वरच्या वेगाची परीक्षा होतच नाही. व्हॅलोरंटसारखा हलका खेळ सुरू केला की वीज भरपूर शिल्लक राहते, कार्ड सर्वांत वरच्या पायरीवर चढतं आणि तिथे पडतं. अवघड खेळ चालतो आणि सोपा कोसळतो, यात गूढ काही नाही. म्हणून दोन्ही प्रकारचे भार देऊन बघावे. मेमरीचा वेग वाढवताना तर आणखी सावध राहावं. जीडीडीआर५ पासूनच्या मेमरीत चुकीचा गेलेला डेटा ओळखून पुन्हा पाठवण्याची सोय असते. त्यामुळे मर्यादा ओलांडली तरी लगेच पडदा जात नाही. आधी फ्रेम घटतात. आकडा वाढवल्यावर खेळ हळू झाला, तर मर्यादा मागे पडली असं समजावं.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि कार्डांवर त्याचं मायनिंग करण्याचे दिवस संपले. त्यानंतर जुनी कार्डं बाजारात येऊन पडली. आसनगावहून लोकल पकडून लॅमिंग्टन रोडला जाऊन स्वस्तात आरएक्स ५८० आणणारी मुलं माझ्याकडे येतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. बापाच्या भातशेतीवर किंवा मुरबाड एमआयडीसीतल्या पाळ्यांवर चालणाऱ्या घरात नवं कार्ड कुठून यायचं? पण मायनिंगमधून आलेल्या कार्डाचं बायोस बरेचदा बदललेलं असतं. मेमरीचं टायमिंग आवळलेलं, व्होल्टेज उतरवलेलं. अशा कार्डावर ड्रायव्हर कितीही बदला, पडदा जाणारच. त्यात मूळ बायोस परत भरायचं, थर्मल पेस्ट आणि पॅड बदलायचे, पंख्याची बेअरिंग बघायची. एवढं केलं की त्यातली कितीतरी कार्डं मुकाट्याने कामाला लागतात.

विजेचा हिशोब मी गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडतो. मदरबोर्डाच्या स्लॉटमधून ७५ वॅट, सहा पिनच्या जोडणीतून ७५, आठ पिनच्या जोडणीतून १५०. आरएक्स ५८० ला १८५ वॅट लागतात. बिनब्रँडच्या एसएमपीएसवर ५०० छापलेलं असतं, पण १२ व्होल्टच्या लाइनवर खरं बळ किती, ते त्याच स्टिकरवरच्या बारीक तक्त्यात बघावं लागतं. नियमाने ही लाइन ११.४ च्या खाली जाता कामा नये. खेळ चालू असताना मल्टिमीटर लावून मी ती मोजतो. मग भिंतीतल्या प्लगची अर्थिंग बघतो. कितीतरी घरांत तिसरी पिन नुसती शोभेला असते, तिच्यामागे वायरच नसते.

टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा यूट्यूबवर थेट दाखवणाऱ्या मुलांचा अनुभव आणखी वेगळा. मैदानात जनरेटर, त्यावर यूपीएस, त्यावर पीसी. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की चौकोनी लहरींची वीज देतो, आणि काही चांगल्या एसएमपीएसनाही ती मानवत नाही. ऐन शेवटच्या षटकात प्रक्षेपण तुटतं आणि शिव्या ड्रायव्हरला बसतात.

ड्रायव्हर कधीच दोषी नसतो असं मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० बाजारात आलं तेव्हा जगभर ती कार्डं दोन गिगाहर्ट्झच्या आसपास कोसळू लागली. कपॅसिटर कुठले वापरले यावर मोठा वाद झाला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला एनव्हिडियाने ४५६.५५ हा ड्रायव्हर दिला आणि तक्रारी बऱ्याच निवळल्या. हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो, कारण शिल्लक किती पातळ असते हे त्यात दिसलं. वरच्या टोकाचे थोडेसे मेगाहर्ट्झ हेच सगळ्या भांडणाचं मूळ होतं. ड्रायव्हरवर संशय असेलच, तर इंटरनेट काढून, सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या प्रोग्रामने जुना पूर्ण पुसावा आणि मग एकच नवा टाकावा. जुन्यावर नव्याचे थर चढवू नयेत.

माझी पद्धत या सगळ्यातून ठरली आहे. कार्ड हाती आलं की मी त्याचा वेग आधी कारखान्याच्या आकड्यापेक्षाही खाली आणतो. तिथे पडदा जायचा थांबला, तर दुखणं शिल्लक संपल्याचं आहे. तिथेही जात राहिला, तर वीज, बायोस किंवा चिपच. मग आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये व्होल्टेजचा आलेख उघडून एकेक पायरी उतरतो. चिपच्या कामाला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के उतरवलं, तर ही वीज सुमारे १९ टक्के कमी होते. उष्णता कमी, पंख्याचा आवाज कमी, एसएमपीएसवरचा ताण कमी, आणि वेगात जाणवण्याजोगा फरक नाही. प्रत्येक चिप वेगळी, म्हणून दुसऱ्याचा आकडा उचलून चालत नाही. तासन् तास बसून तिची स्वतःची पायरी शोधावी लागते, आणि या कामात मला जेवढा आनंद मिळतो तेवढा दुसऱ्या कशात मिळत नाही.

तेव्हा शहापूर-मुरबाडच्या पोरांनो, कार्डासाठी पैसे साठवत असाल तर त्यातले थोडे आधी बाजूला काढा. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या, एसएमपीएस चांगल्या कंपनीचा घ्या, दर महिन्याला ब्लोअर मारा. कार्ड त्यानंतर घ्या, आणि आमच्या उन्हाळ्यात त्याचं व्होल्टेज उतरवूनच चालवा.