जुना की नवा

आंबिवलीहून पहाटेची लोकल, दादरला उतरायचे, तिथून परळ. हा प्रवास मी आबांबरोबर किती वेळा केला, आता मोजता येत नाही. परळचे टाटा रुग्णालय 1941 सालचे. त्याच्या बाहेर पदपथावर गावोगावची माणसे बोचकी घेऊन बसलेली असतात. त्यांच्याकडे पाहिले की आपले दुःख बोलून दाखवायची लाज वाटते.

आबा कारखान्यात पाळीवर होते. खात्यात बिडीला बंदी, म्हणून आत असेपर्यंत गालात चुना लावलेली तंबाखू आणि बाहेर पडले की बिडी. 2014 साली गालाचा कर्करोग निघाला. जबड्याचा तुकडा काढला, किरणे झाली. तोंड वाकडे झाले, बोलणे घरच्यांनाच तेवढे कळू लागले. तंबाखू त्यांनी टाकली ती कायमची. बिडी सुटली असे घरात सगळे धरून चालले होते. ती सुटली नव्हती हे मला ठाऊक होते, कारण बंडल आणून देणारा मीच. तेव्हा मी सातवीत होतो. दुकानदार उधारी लिहून ठेवी. मला वर एक गोळी मिळे.

2022 साली तपासणीत उजव्या फुप्फुसात गाठ दिसली. आत्या म्हणाली, "मूळ आत राहिलं असणार." आम्हा सगळ्यांना तसेच वाटले. डॉक्टरबाईंनी मात्र मान हलवली. "जुनाच पसरला असेल, किंवा हा वेगळा, नवा असेल. आधी ते ठरवायला हवं."

दोन्हींकडच्या पेशी एकाच जातीच्या निघाल्या की नुसते सूक्ष्मदर्शकातून पाहून हे सांगणे कठीण. मग फुप्फुसात गाठ एकच आहे की अनेक, मानेत काही परतले आहे का, मध्ये किती वर्षे गेली, हे सारे जमेस धरतात. एवढी उठाठेव कशाला, असे मला वाटले होते. पण जुन्याची फांदी असली तर बहुधा औषधांनी थोपवणेच हाती राहते. नवा असून लवकर सापडला तर कापून काढण्याची आशा असते.

पुढे मी याविषयी वाचले. 1953 साली स्लॉटर या अमेरिकन शल्यविशारदाने व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की तोंडात गाठीभोवतीचे चांगले दिसणारे अस्तरही बिघडलेले असते. त्यांनी त्याला शेताची उपमा दिली. तोंड, घसा, श्वासनलिका, फुप्फुस, धूर सगळ्यांवरून जातो. एक रोप उपटले तरी जमीन तीच. बिडी चालू राहिली तर दुसऱ्याचा धोका वाढतो.

आबांची गाठ नवी ठरली. बाईंनी विचारले, "आजोबा, पहिल्या ऑपरेशननंतर बिडी बंद होती ना?"

आबांनी माझ्याकडे पाहिले आणि होकारार्थी मान हलवली. ते मला वाचवत होते. आत्या शेजारीच बसली होती. माझ्या तोंडाला कोरड पडली.

"नाही डॉक्टर," मी म्हणालो. "मीच आणून देत होतो."

बाई रागावल्या नाहीत. रोज किती, किती वर्षे, एवढे विचारून लिहून घेतले. आत्या परतीच्या वाटेवर माझ्याशी बोलली नाही. आबाही नाहीत. गाडी शहाडवरून निघाली तेव्हा त्यांनी माझा दंड धरला आणि वाकड्या तोंडाने काही पुटपुटले. दुसऱ्यांदा सांगितले तेव्हा कळले.

"दुकानदाराचे बावीस रुपये राहिलेत. उतरल्यावर देऊन टाक."