कालाहारीचा मधुभक्षक

दक्षिण आफ्रिका व बोत्स्वाना यांच्या सीमेवर कालाहारीचा रुक्ष प्रदेश पसरला आहे. तांबडी वाळू, विरळ गवत आणि तुरळक काटेरी झाडे, एवढीच त्याची संपत्ती. पाऊस वर्षाकाठी जेमतेम २०० ते २५० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. अशा भूमीत आखूड पायांचा एक प्राणी नाक जमिनीला लावून दुडक्या चालीने हिंडत असतो. पाठ करडी-पांढरी, पोट काळेभोर. शास्त्रज्ञांनी त्याला ‘मेल्लिव्होरा कॅपेन्सिस’, म्हणजे ‘केपचा मधुभक्षक’, असे नाव दिले. भारतातही तो आढळतो. मराठीत त्याला चांदी अस्वल म्हणतात.

नाव मधाचे खरे. पण कालाहारीत मध असा किती मिळणार? १९९६ ते १९९९ या काळात कोलीन व कीथ बेग या दांपत्याने तेथे या प्राण्याचा चिकाटीने माग काढला. उंदीर, पाली, साप, विंचू हेच त्याचे रोजचे अन्न असल्याचे त्यांना दिसून आले. एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या अळ्याही तो वाळूतून उकरून काढी. विषारी नागालाही तो भीत नाही.

त्याचे खरे बळ पुढच्या पायांच्या लांब नखांत आहे. वासाने भक्ष्य हेरावे आणि भराभर बीळ खणावे, हा त्याचा नित्यक्रम. खणताना निसटलेल्या उंदरावर झडप घालण्यासाठी कोल्हे व शिकारी पक्षी त्याच्या मागोमाग फिरतात. उन्हाळ्यात तो बहुधा रात्री बाहेर पडतो, तर थंडीत दिवसा. मादीला मात्र दुप्पट कष्ट पडतात. पिलू वर्षभराहून अधिक काळ तिच्यावरच अवलंबून असते. एकच पिलू, पण त्याच्यासाठी तिला मैलोन्‌मैल वणवण करावी लागते.

जेथे मधमाश्या पाळतात, तेथे हा प्राणी अळ्यांच्या लोभाने पेट्या फोडतो. मधपाळाचे नुकसान होते आणि रागाच्या भरात सापळे लावले जातात. दक्षिण आफ्रिकेतील काही मधपाळांनी वेगळा उपाय योजला. त्यांनी पेट्या उंच मांडणीवर घट्ट बसवल्या. त्यामुळे पेट्याही वाचल्या आणि प्राणीही वाचला.

भूक हा काही अपराध नव्हे. तिच्यापासून आपले धन राखावे. पण त्यासाठी भुकेल्याचा जीव घेण्याचे कारण नाही.