आमची हिशेबाची वही

आमच्या घरी एक हिशेबाची वही आहे. माझ्या जुन्या वह्यांची कोरी पाने काढून आईने ती दाभणाने शिवली. आईला सगळा हिशेब तोंडपाठ असतो, पण लिहायला सवड नसते. म्हणून ते काम माझ्याकडे आहे. गुरुजींनी शिकवल्याप्रमाणे मी डाव्या बाजूला जमा आणि उजव्या बाजूला खर्च लिहितो.

आमची एक म्हैस आहे. डेअरीचे बिल दर दहा दिवसांनी होते. मार्च महिन्यात एका बिलातून पेंडीचे पैसे कापून ११०० रुपये हाती आले. मी लिहिले, जमा ११००. खर्च : वाण्याची उधारी ५५०, बचत गट १००, आजीच्या गोळ्या १८०, दळण ३०. एकूण खर्च ८६०. शिल्लक २४० रुपये.

शिल्लक पैसे आई डब्यात ठेवते. ते माझी धाकटी बहीण चिमी हिच्यासाठी होते. पोस्टात तिचे सुकन्या समृद्धीचे खाते आहे. ही योजना २०१५ साली सुरू झाली. दहा वर्षांच्या आतल्या मुलीचे खाते काढता येते. त्यात वर्षाला निदान २५० रुपये भरावेच लागतात. ३१ मार्चपर्यंत भरले नाहीत तर ५० रुपये दंड बसतो. आई म्हणाली, "आता दहाच रुपये कमी हायेत."

दुसऱ्या दिवशी आईने डबा मोजला तर २२० रुपयेच भरले. तिने परत मोजले. मग ती अण्णांना म्हणाली, "आवं, तुम्ही तंबाखूला घेतलं का?" अण्णा म्हणाले, "न्हाई गं, म्या डब्याला हातबी लावला न्हाई." आईचा विश्वास बसला नाही. अण्णा न बोलता तसेच अर्धी भाकरी ठेवून रानात गेले.

मला फार वाईट वाटले. कारण ते वीस रुपये मी घेतले होते. जत्रेत कुल्फी खाल्ली आणि गोट्या आणल्या. संध्याकाळी अण्णा आल्यावर मी रडत रडत सगळे सांगितले. मला वाटले, आता मार बसणार. पण आई म्हणाली, "वहीत लिही." मी खर्चाच्या बाजूला लिहिले, 'कुल्फी व गोट्या २० रुपये, माझ्या नावावर.' लिहिताना हात कापत होता. आई अण्णांना काही बोलली नाही, पण तिने त्यांना गरम भाकरी वाढली.

नंतर मी शाळा सुटल्यावर आजीबरोबर चिंचा फोडायला बसलो. बोटे काळी झाली आणि चिरली. आजीने माझ्या वाटणीचे ३० रुपये दिले. मी लिहिले, जमा ३०. डब्यात बरोबर २५० झाले. अण्णांनी मला सायकलवर पुढे बसवून पोस्टात नेले आणि पैसे भरले.

आता वही मीच लिहितो. पण डबा उघडायचा असला की आधी आईला विचारतो.

इयत्ता चौथी