कानाचा हिशेब

बोलताना आपण शब्दांमध्ये जागा सोडतो, हा छापील पानाने करून दिलेला गैरसमज. तोंडातून शब्द एकमेकांना चिकटूनच बाहेर पडतात. बंगळूरला नव्याने आलेल्या मराठी माणसाला मॅजेस्टिकहून सुटणाऱ्या बसमध्ये हे लगेच कळतं. कंडक्टर, शेंगदाणेवाला, फोनवर भांडणारं पोरगं, साऱ्यांची कन्नड सलग. पण काही आठवड्यांनी, कुणी न शिकवता, सांधे ऐकू येऊ लागतात. मनेगे, ऊरिगे, मैसूरिगे... शेवटी सारखं ‘गे’ येतंय. वाक्य ‘बेकु’वर टेकतंय. अर्थ मागाहून येतो. कान त्याआधीच हिशेब मांडून मोकळा.

१९९६ साली अमेरिकेत जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी हा हिशेब आठ महिन्यांच्या बाळांत शोधला. बिदाकु, पादोति असे निरर्थक शब्द यंत्राच्या आवाजात सलग ऐकवले; ना विराम, ना हेल. ‘बि’नंतर ‘दा’ ठरलेला, ‘कु’नंतर काय येईल याचा मात्र नेम नाही. दोन मिनिटांत बाळांना एवढं पुरलं. ओळखीच्या शब्दाला ती कंटाळली, अनोळखी जोडणीकडे जास्त वेळ कान देऊन राहिली. (शाळेत याच कंटाळ्याला आपण ‘लक्ष नाही’ म्हणतो.)

कान कमावतो तसा गमावतोही. हिंदीतल्या त आणि ट मधला फरक इंग्रजी घरातल्या तान्ह्यांना ऐकू येतो आणि वर्षाच्या आत बराचसा मावळतो, असं १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांना आढळलं. आपण हसायला नको. कन्नड ‘बेळे’तला एकार ऱ्हस्व असेल तर ते पीक, दीर्घ असेल तर डाळ. मराठी कानाला दोन्ही एकच, लिहायलाही वेगळी खूण नाही. बसवनगुडीत वाढणारी मराठी नातवंडं मात्र आजीचा बिसिबेळेभात ऐकून खुशाल खिदळतात: आजीनं आज अख्खं पीक शिजवलं!

कानाचा हाच हिशेब गाण्यातही चालतो. बंगळूरच्याच चामराजपेटेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रामनवमीला श्रीरामसेवा मंडळीचा संगीतोत्सव भरतो, मंडळी १९३९ची. तिथे श्रोत्यांच्या मांड्यांवर आदितालाच्या आठ मात्रा पडत असतात: टाळी, तीन बोटं, मग दोनदा टाळी नि पालटलेला हात. कितीतरी हात केवळ ऐकून ऐकून तयार झालेले. मृदंगावर तोच तुकडा तिसऱ्यांदा सुरू झाला की तो कुठे येऊन पडणार, हे साऱ्यांना ठाऊक असतं. वाजवणाऱ्यालाही ते ठाऊक. म्हणून पठ्ठ्या मुद्दाम अर्धी मात्रा सोडून उतरतो, आणि मैदानातून ‘भले!’ उठतं.