प्रार्थनेची बोली

धर्मशिक्षण घेणाऱ्या तरुणाचे जीवन म्हणजे अखंड चिंतन, उपवास आणि आत्म्याची तळमळ, असा एक समज सर्वसाधारणपणे आढळतो. माझ्या अनुभवात या गोष्टींच्या वाट्याला दिवसातला फारच थोडा वेळ येत असे. परळमध्ये काढलेल्या त्या दहा महिन्यांतील सुखदुःखे आठवू लागलो की प्रथम डोळ्यांपुढे येतो तो चाळीतला सामायिक नळ, मग खानावळीचे महिनाअखेरचे बिल, आणि त्यानंतर केव्हातरी ग्रीक क्रियापदांचे तक्ते.

मी मूळचा सौंसरचा. हे गाव मध्य प्रदेशातील, २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यातले, असले तरी तिथले बोलणे मराठीच, आणि तेही वऱ्हाडीला लागून असलेले. एकोणिसाव्या शतकात स्वीडनहून आलेल्या लुथरन मिशनऱ्यांनी त्या बाजूला जी मंडळी उभी केली, तिचे आमचे घराणे तीन पिढ्यांचे सभासद. घरात मराठी चाले. चर्चमधील उपासना मात्र हिंदीत होई. त्यामुळे भांडण मराठीत करायचे आणि त्याबद्दलची क्षमा हिंदीत मागायची, अशी एक विभागणी लहानपणीच अंगवळणी पडली होती. पुढे पाळक होण्याचे शिक्षण घेण्यासाठी दक्षिणेत गेलो, तिथे सारा व्यवहार इंग्रजीत. देवाविषयी मला दोन भाषांत बोलता येऊ लागले. आईशी ज्या भाषेत बोलत असे, ती त्यांत नव्हती.

ज्या मार्टिन लूथरचे नाव आमच्या मंडळीला लाभले आहे, त्याचा तर या बाबतीतला आग्रह प्रसिद्ध आहे. त्याने १५२२ मध्ये नवा करार आणि १५३४ मध्ये संपूर्ण बायबल जर्मन भाषेत आणले. भाषांतराविषयी १५३० साली लिहिलेल्या एका पत्रात तो सांगतो की, घरातली आई, गल्लीतली मुले आणि बाजारातला साधा माणूस कसा बोलतो, ते भाषांतरकाराने जाऊन ऐकावे. या पत्रावर मी परीक्षेत इंग्रजीतून सविस्तर उत्तर लिहिले होते, आणि त्याला गुणही चांगले पडले होते. त्या वेळी यात काही विनोद आहे, असे कोणालाच वाटले नाही.

प्रत्यक्ष कामाच्या शिक्षणासाठी मला मुंबईला धाडण्यात आले. रविवारी गिरगावातील एका मराठी मंडळीत साहाय्य करायचे आणि आठवड्यातील चार दिवस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांची व नातेवाइकांची विचारपूस करायची, असे कामाचे स्वरूप होते. दरमहा मिळणारे विद्यावेतन कधी वेळेवर येई, बहुधा येत नसे. अशा वेळी ज्यांच्या खानावळीत मी जेवत असे, त्या काकू वहीत आकडा मांडून ठेवीत आणि पोळ्या नेहमीइतक्याच वाढीत. गिरणी कामगारांना जेवू घालण्यात त्यांच्या सासूबाईंचा जन्म गेला होता. १९८२ च्या संपात थकलेली उधारी त्या घराने पाहिली होती. माझी उधारी म्हणजे त्यांना खेळच वाटत असावा.

काकू मला ‘फादर’ म्हणत. आमच्यात पाळक म्हणतात आणि पाळकाला लग्न करता येते, हे मी एकदा समजावून सांगितले. लूथर स्वतः संन्यासी होता. पण १५२५ मध्ये त्याने मठ सोडून आलेल्या काटारीना फॉन बोरा या स्त्रीशी विवाह केला. त्यांना सहा मुले झाली. शिवाय घरात राहणारे विद्यार्थी आणि येणारेजाणारे पाहुणे यांचा सगळा व्याप तीच सांभाळी. काकूंनी हे लक्ष देऊन ऐकले आणि म्हणाल्या, “म्हणजे खानावळच की! नाव नवऱ्याचं झालं असेल.” धर्मसुधारणेच्या इतिहासावर मी पुष्कळ वाचले आहे, पण इतके नेमके भाष्य क्वचितच.

भाद्रपदात लालबाग-परळमध्ये अभ्यास करणे ही केवळ कल्पना आहे. दहा दिवस हिब्रूची पुस्तके मिटूनच राहिली.

गिरगावातील रविवार मला वेगळ्या अर्थाने नवा होता. ‘उपासना संगीत’मधील नारायण वामन टिळकांची पदे तिथे पेटी-तबल्यावर म्हटली जात. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आपण वाचली असल्यास १८९५ साली मुंबईत झालेल्या टिळकांच्या बाप्तिस्म्याने त्या घरात काय उलथापालथ झाली, हे आपणांस ठाऊकच आहे. त्याच टिळकांनी पुढे अभंगाची आणि ओवीची चाल ख्रिस्ती उपासनेत आणली. गिरगाव चौपाटीजवळ १८८९ मध्ये शारदा सदन उघडणाऱ्या पंडिता रमाबाईंनीही आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या साध्या मराठी भाषांतरासाठी वेचली. देवाशी मराठीत बोलता येते, याची साक्षच मला त्या बाकावर बसून मिळाली. तरी ती मराठी पुण्या-मुंबईची, नीटस, व्याकरणशुद्ध. ऐकताना मन भरून येई. म्हणू गेलो की पाहुण्याच्या घरी बसल्यासारखे वाटे.

टाटा रुग्णालयाच्या परिसरात मात्र माझ्या कानांवर घरचे शब्द पडू लागले. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात देशभरातून माणसे येतात, आणि त्यांत विदर्भातले पुष्कळ. ज्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते ते नशीबवान. बाकीचे कित्येक समोरच्या पदपथावर ताडपत्री बांधून राहतात. माझी विचारपूस म्हणजे बहुतेक वेळा रांगेत उभे राहणे, केसपेपर वाचून दाखवणे, रक्तपेढीचा रस्ता सांगणे एवढीच असे. दुसऱ्याच्या आजारपणात आपला धर्म पुढे करायचा नाही, हा आम्हांला घालून दिलेला नियम होता आणि मला तो आजही योग्य वाटतो.

नोव्हेंबरमध्ये दर्यापूरकडचे एक वृद्ध जोडपे पदपथावर उतरले. आजींना तोंडाचा कर्करोग होता. बोलणे जवळजवळ बंद झाले होते. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. माझ्या दोन वाक्यांवरूनच त्यांनी माझा मुलूख ओळखला. आठवडाभर मी त्यांचे कागद इकडून तिकडे नेत होतो. एका संध्याकाळी ते म्हणाले, “भाऊ, म्या माळकरी हाय. तुमचा देव कोनता न् माहा कोनता, हे पाह्याची हे येळ नाही. तिले रातभर झोप नाही. थोडंसं बोला त्याच्यासंग. पन ते पुस्तकातलं नोका बोलू.”

पुस्तकातले सोडले तर माझ्याजवळ काय उरत होते? मी काही क्षण गप्प बसलो. मग जे सुचले ते बोललो: मायचं आंग दुखते, तिले आज झोप लागू दे, घरी तूर उभी हाय, सून एकटी हाय, तिच्याकडे पाह्य. यापुढे काही आलेच नाही. शेवटी आजोबा ‘आमेन’ऐवजी नुसते “हो” म्हणाले. आजींनी डोळे मिटून घेतले होते. झोप लागली की नाही, ते मला कळले नाही.

अशा प्रत्येक भेटीचा शब्दशः अहवाल इंग्रजीत लिहून पाठवावा लागे. त्या संवादाचे भाषांतर मी चार वेळा केले. ‘आंग दुखते’ला इंग्रजी शब्द सापडला, ‘तूर उभी हाय’मधली काळजी सापडली नाही. अहवाल परत आला तेव्हा समासात प्रश्न होता, की या प्रार्थनेत ईश्वरविषयक विचार कुठे आहे? प्रश्न गैर नव्हता. उत्तरादाखल मी गाडगे महाराजांविषयी एक परिच्छेद जोडला. अमरावती जिल्ह्यातच जन्मलेल्या आणि १९५६ साली निवर्तलेल्या या संताने समोरच्या माणसांना वऱ्हाडीत प्रश्न विचारत, त्यांच्याकडून उत्तरे वदवून घेत कीर्तने केली. कर्ज, दारू, मुलांची शाळा हे त्या कीर्तनांचे विषय. ईश्वरविषयक विचार त्यांतून वेगळा काढून दाखवणे कठीण आहे. या परिच्छेदावर काही शेरा आला नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुढील उपचार गावीच करण्याचा सल्ला आजींना देण्यात आला. त्या पदपथावर या वाक्याचा अर्थ कोणी कोणास विचारत नाही. मी त्यांना दादरला गाडीत बसवून आलो. जानेवारीत आजोबांचा फोन आला. तूर चांगली झाली होती. आजी तूर घरात येण्याआधीच गेल्या होत्या.

एप्रिलमध्ये मी सौंसरला परतलो. पहिल्याच रात्री जेवणापूर्वीची प्रार्थना मला करायला सांगितली, आणि ती मी घरच्या मराठीत केली. आई डोळे उघडून माझ्याकडे पाहतच राहिली. “देवासंग असं घरच्यासारखं बोलतात काय रे?” तिने विचारले. त्यावर मी काही बोललो नाही. दोन दिवसांनी पहाटे चुलीपाशी ती पुटपुटताना ऐकू आली. विहिरीला पाणी कमी झाल्याची गोष्ट ती कोणाला तरी सविस्तर सांगत होती, मराठीत. बाबा मात्र अजूनही हिंदीतच प्रार्थना करतात.