घसारा वजा जाता

माझ्याकडे सतरा पाने आहेत असं मी कुणाला सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, लेखकमहाशयांची कादंबरी सतराव्या पानावर अडलेली दिसते. आमच्या बँकेतल्या एका सहकाऱ्यानं तर "मघई की बनारसी?" असं विचारून हातसुद्धा पुढे केला होता. माझे पाने लोखंडी आहेत. नट आवळायचे. शिवाय तीन रंधे, पाच पटाश्या, दोन पकडी, एक गिरमिट, एक ओळंबा आणि चार डिसमिस. हा सगळा संसार गिरगावातल्या आमच्या दीड खोल्यांच्या बिऱ्हाडात पलंगाखाली नांदतो. पलंगावरचा संसार त्याच्याकडे संशयानं बघतो.

डिसमिस म्हणजे स्क्रू पिळायचं हत्यार. मुंबईच्या कारखान्यांत आणि गॅरेजांत हा शब्द वर्षानुवर्षं चालत आलेला आहे. बँकेत मात्र तो मोठ्यानं उच्चारायची सोय नाही. एकदा मी काउंटरवरून घरी फोन केला, "अगं, आज सकाळी डिसमिस मिळाला!" पुढचं "लाकडी मुठीचा, साठ रुपयांत" हे वाक्य पुरं व्हायच्या आत कॅशियरनं नोटा मोजायच्या थांबवल्या होत्या आणि दोघांनी युनियनच्या सेक्रेटरीचा नंबर फिरवला होता.

"नागदेवी स्ट्रीटला हे सगळं नवं कोरं मिळत असताना तुम्ही जुनं का आणता?" हा सौ.चा प्रश्न रास्त आहे. त्याला माझं उत्तरही रास्त आहे, पण ते ऐकायला ती थांबत नाही, म्हणून इथे देतो. काही हत्यारं म्हातारी होतात, कालबाह्य होत नाहीत. लोखंडी रंध्याचंच घ्या. अमेरिकेतल्या लेनर्ड बेली नावाच्या माणसानं तो बसवला, स्टॅन्ली कंपनीनं १८६९ साली त्याचे पेटंट विकत घेतले आणि आजचा लोखंडी रंधा मुळात त्याच बांध्याचा आहे. म्हणजे आजोबांच्या वयाचा रंधा नातवाच्या वयाच्या रंध्याचं काम तितक्याच झोकात करतो. माणसांच्या बाबतीत हे म्हणता येत नाही. निदान आमच्या घराण्यात तरी नाही.

आता मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. मला प्रत्येक वस्तूच्या अंगावर घसारा दिसतो. यंत्रसामग्रीला दरवर्षी पंधरा टक्के घसारा धरायचा, तोही उरलेल्या किमतीवर, हे आम्ही परीक्षेपुरतं शिकलो आणि जन्मभर विसरू शकलो नाही. या पद्धतीची गंमत अशी, की किंमत उतरत जाते पण शून्याला कधी टेकत नाही. शंभर रुपयांचा रंधा दहा वर्षांनी वहीत वीस रुपयांचा उरतो आणि पन्नास वर्षांनी तीन पैशांचा. म्हणजे हिशेबाच्या वहीत तीन पैसे, विकणाऱ्याच्या तोंडी आठशे रुपये आणि माझ्या मनात दीडशे. या तीन आकड्यांचा जिथे मेळ बसतो, त्या जागेला चोर बाजार म्हणतात.

चोर बाजाराचं मूळ नाव शोर बाजार, गोंगाटावरून पडलेलं, आणि इंग्रजांच्या उच्चारात शोरचा चोर झाला, असं सांगतात. मला हे पटत नाही. ज्यांना शेक्सपिअर जमतो त्यांना शोर का जमू नये? राणी व्हिक्टोरियाचं व्हायोलिन जहाजावरून गायब झालं आणि इथे विकायला लागलेलं सापडलं, अशीही एक दंतकथा आहे. मुंबईत तुमची वस्तू हरवली तर ती चोर बाजारात पैसे मोजून परत मिळते, हा विनोद तर आमच्या वडिलांच्याही आधीचा. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मटण स्ट्रीट हा या बाजाराचा कणा. त्या रस्त्यावर मी मटण सोडून बाकी सगळं विकत घेतलेलं आहे. पण हत्यारांसाठी जायचं ते शुक्रवारी. त्या दिवशी एरवीची दुकानं बंद आणि रस्त्यावरच जुम्मा बाजार, तोही उजाडायच्या आधीपासून. शुक्रवार बँकेच्या पूर्ण कामाचा. दुसरा आणि चौथा शनिवार २०१५ पासून सुट्टीचा झाला, शुक्रवारबद्दल मात्र एकाही युनियननं आवाज उठवला नाही. त्यामुळे मी पहाटे निघतो, खेतवाडीतून गोल देवळाकडे, तिथून नळ बाजाराला वळसा घालून दोन टाकीच्या बाजूला. मोबाइलचा टॉर्च पेटवून वाकून चालणारी माणसं दिसायला लागली, की बाजार आला असं समजावं. गोणपाटावर एकाच पायाचा बूट, मान नसलेली बाहुली, तीन रिमोट (टीव्ही नाही) आणि त्या गर्दीत गंजलेला, पण खानदानी, एक पाना.

परीक्षा कशी करायची तेही सांगतो. करवत डोळ्याशी धरून पात्याच्या कडेनं बघायची, नवरीमुलगी बघायला गेलेला मामा बघतो तशी. वाक लगेच कळतो. रंध्याच्या तळावर गुण्या टेकवून उजेडाकडे धरायचा; फटीतून प्रकाश आला तर नमस्कार करून खाली ठेवायचा. हातोडीला टिचकी मारायची, माठाला मारतो तशी. भेग असली तर बद्द वाजते. पान्याचा जबडा फाकलाय का ते बघायचं. झिजलेली कानस फुकट दिली तरी घेऊ नये. गंजाला मात्र भ्यायचं नाही. वरवरचा गंज व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवला की सुटतो. आमच्याकडे चायनीजचा बेत ठरला, की सौ. आधी पलंगाखाली वाकून बघते, बाटली उरली आहे का.

आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे चेहरा. हवी ती वस्तू दिसली की सामान्य माणसाचा चेहरा फुलतो आणि त्याच क्षणी भाव दुप्पट होतो. माझा फुलत नाही. वीस वर्षं काउंटरवर बसून मी एक चेहरा कमावलेला आहे. त्याच्याकडे बघून गिऱ्हाइकाला कळत नाही, की याला आपलं म्हणणं समजलं नाही, पटलं नाही, की ऐकूच आलं नाही. हा चेहरा बँकेत फारसा लोकप्रिय नाही, पण जुम्मा बाजारात त्यानं माझे हजारो रुपये वाचवले आहेत.

"साब, इंग्लंड का माल है. पाँच सौ."

चेहरा.

"चलो, तीन सौ."

चेहरा.

"अरे साब, कुछ तो बोलो!"

पूर्वी इथे खिसा उलटा करून "एवढेच आहेत" म्हणता यायचं. आता गोणपाटाच्या कोपऱ्यात क्यूआर कोडची पाटी उभी असते. प्रगतीनं गरिबाचं शेवटचं शस्त्र काढून घेतलं ते असं.

मध्यंतरी अशीच घासाघीस करून मी एकशेवीस रुपयांत एक पाना आणला. तो आमच्या घरातल्या एकाही नटाला लागत नाही, हे मला घेतानाच माहीत होतं. तो व्हिटवर्थचा होता. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली इंग्लंडात आट्यांचं माप बांधून दिलं. त्याच्या पान्यावर अर्धा इंच कोरलेलं असलं तरी जबडा अर्ध्या इंचाचा नसतो, बराच मोठा असतो. अर्धा इंच हे बोल्टच्या दांड्याचं माप. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली आणि हे पाने हळूहळू निराधार झाले. मग ते मुंबईत इतके निघतात कुठून? तर गिरण्यांतून. १८५४ साली स्थापन झालेल्या कावसजी दावरांच्या ताडदेवच्या गिरणीपासून इथे यंत्रं येत राहिली ती मुख्यतः लँकेशायरहून, आणि त्यांचे नटबोल्ट व्हिटवर्थचे.

माझे मामा लालबागचे, गिरणीतले फिटर. माझी प्रत्येक खरेदी त्यांच्यापुढे तपासणीला जाते. हत्यार हातात घेतात, फिरवतात, किंमत विचारतात आणि ती कितीही सांगितली तरी "महाग घेतलंस" म्हणतात. मी चाळीसचे वीस सांगून पाहिले, तरी महागच. हा पाना त्यांच्या हातात दिला, तर त्यांनी आकडा वाचायला चष्माही शोधला नाही. जबड्यात अंगठा घालून म्हणाले, "पाच अष्टमांश. रिंग फ्रेमचा." आणि किंमत विचारायची विसरले.

मला अवसान चढलं. म्हटलं, "मामा, एकदा चला ना माझ्याबरोबर शुक्रवारी. तुम्ही असलात तर मला कोण फसवणार!"

"नको."

"टॅक्सीनं नेतो."

"तसं नाही रे."

मग मामी चहा घेऊन आली आणि तिनं सांगितलं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे मागे कधी घेतलाच गेला नाही. मामांची स्वतःची पत्र्याची पेटी होती, स्वतःच्या पैशांनी एकेक करून जमवलेल्या हत्यारांची. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात ती भंगारवाल्याला गेली. वजनावर. त्या पैशांचे तांदूळ आणि एका मुलाच्या वह्या आल्या, एवढं मामीला पक्कं आठवतं.

"म्हणजे ती पेटी चोर बाजारात आली असेल," मी म्हणालो. "सापडली तर घेऊ की परत!"

मामा हसले. "सापडेल रे. पण मग भाव करायला लागेल ना, माझ्याच हत्यारांचा? तो म्हणणार पाचशे, मी म्हणणार महाग. आणि तो दोनशेला द्यायला तयार झाला तर?"

माझ्याकडे घसाऱ्याचं कोष्टक होतं. त्यात या प्रश्नाला रकाना नव्हता. वस्तूची किंमत किती उतरली हे आम्ही पैशापर्यंत काढून देतो. ती पाच अष्टमांश म्हणून नुसत्या अंगठ्यानं ओळखणारा माणूस बत्तिसाव्या वर्षी कुठल्या दरानं उतरवला, हे आमच्या वहीत नसतं. मी तो पाना तिथेच ठेवला. आता तो खिडकीत असतो, रविवारच्या पेपरवर वजन म्हणून. काम लहान आहे, पण कायमचं आहे.

चोर बाजाराला मी अजूनही जातो. शेजारी भेंडी बाजारात सोळाएक एकरांवर पुनर्विकास चालू आहे, लालबागला तर मनोऱ्यांमुळे मामांच्या खिडकीत ऊन यायचं बंद झालंय. तेव्हा हे गोणपाट किती दिवस टिकतील कोण जाणे. घासाघीसही पूर्वीसारखीच करतो, कारण न केली तर विकणाऱ्यालाच वाईट वाटतं. फक्त एक सवय नवी लागली आहे. पाना उचलला की आधी उलटा करून टॉर्च मारतो. मामा आपल्या प्रत्येक हत्याराच्या दांड्यावर सेंटर पंचनं तीन टिंबं मारायचे, त्रिकोणात. हे मामीकडून कळलं. मामांना मी विचारलेलं नाही.

अजून सापडलेलं नाही. सापडलं, तर सांगेल त्या भावाला घ्यायचं, हे ठरलेलं आहे. मात्र ही गोष्ट गोणपाटापलीकडे बसलेल्या माणसाला कळता उपयोगी नाही. म्हणून दर शुक्रवारी मी चेहरा घट्ट करून जातो. वीस वर्षांत तो कुणापुढे हललेला नाही. त्या तीन टिंबांपुढे टिकेल असं मात्र लिहून देता येत नाही.